गॅसबत्तीचे सामने आणि आमची स्वस्त भिंगं

फोटो काढणाऱ्या माणसाकडे आलेल्या फोटोंपेक्षा न आलेल्या फोटोंच्या गोष्टी जास्त असतात. आलेला फोटो लोक घेऊन जातात, भिंतीवर लावतात, विषय संपतो. न आलेला आपल्याकडेच राहतो. मग कधीतरी जुने मित्र जमतात, चहा येतो, आणि कोणीतरी म्हणतं, "अरे, त्या दिवशीचं आठवतंय का?" एक निघाला की त्याच्यामागून दुसरा निघतो. आमच्याकडे तर हे किस्से इतके साठलेत की बायको म्हणते, तुम्ही फोटो काढत होता की गप्पा मारत होता?

खरं सांगायचं तर दोन्ही.

स्वातंत्र्य मिळून एखाद-दोन वर्षं झाली असतील. ठाण्यात टेंभी नाक्याजवळ नाना गुप्त्यांचा फोटो स्टुडिओ होता. मी एका गिरणीच्या ऑफिसात कारकून. संध्याकाळी सुटलो की घरी जायच्या आधी नानांकडे. तिथेच साठे मास्तर यायचे. राहायला डोंबिवलीला, पण ठाण्यात मुलींच्या शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. आणि हसूराम पाटील यायचा. खाडीपलीकडच्या गावचा आगरी, घरचं मिठागर, घरची भातशेती. हसूराम एके काळी हुतुतूचा नावाजलेला गडी. गुडघा गेला आणि खेळ सुटला, पण मैदान सुटेना. म्हणून त्याने कॅमेरा हातात घेतला.

आमचं वेड एकच. खेळांचे फोटो. आणि त्या काळी खेळ सगळे कामावरून सुटल्यावर, म्हणजे उजेड संपल्यावर.

* * *

पहिला सामना आम्ही घेतला तो ठाण्यातल्या हुतुतूचा. मैदानाच्या कडेने बांबूंवर गॅसबत्त्या टांगलेल्या. आम्हाला वाटलं, केवढा लख्ख उजेड. डोळ्याला लख्खच होता. नानांचा घडीचा कॅमेरा घेऊन मी अगदी रेषेला चिकटून बसलो आणि अख्खा रोल संपवला.

दुसऱ्या दिवशी डार्करूममध्ये निगेटिव्ह धुतली. खिडकीच्या काचेसारखी स्वच्छ. तिच्यावर फक्त काळे ठिपके होते, ओळीने. नानांनी तरीही प्रिंट काढली. काळाकुट्ट कागद आणि त्यावर पांढरे ठिपके. म्हणजे गॅसबत्त्या तेवढ्या आल्या होत्या, बाकी मैदान, खेळाडू, प्रेक्षक, सगळे अंधारात.

संध्याकाळी मंडळाचे सेक्रेटरी फोटो न्यायला आले. त्यांनी कागद सरळ धरला, उलटा धरला.

"यात आमचा सामना कुठे आहे?"

नाना शांतपणे म्हणाले, "डावीकडून तिसऱ्या बत्तीच्या खाली."

* * *

यावर सोपा उपाय म्हणजे फ्लॅश. नानांकडे फ्लॅशचे बल्ब होते, लग्नांसाठी जपून ठेवलेले. एक बल्ब एकदाच पेटायचा आणि संपायचा, त्यामुळे तो उडवताना नानांचा चेहरा देवाला निरोप दिल्यासारखा व्हायचा.

एका क्लबाच्या हॉलमध्ये बॅडमिंटनची फायनल होती. एका बाजूला आमच्याकडचे एक डॉक्टर, गावात मान असलेले, जरा पोट सुटलेले पण मनगट चांगलं. शेवटच्या गेमला शटल वर गेलं, डॉक्टर खाली सरकले, रॅकेट मागे नेली, आणि नानांनी बल्ब उडवला.

डॉक्टर जागच्या जागी उभे राहिले. डोळे मिटलेले, रॅकेट तशीच वर. शटल सावकाश खाली आलं आणि त्यांच्या टाळूवर टेकलं.

पॉइंट कोणाचा यावर बराच वेळ वाद झाला. पण फोटो इतका सुंदर आला होता की डॉक्टरांच्या मिशीचे केस मोजावेत. नानांनी हौसेने तो त्यांच्या दवाखान्यात नेऊन दिला. डॉक्टरांनी तो बघितला आणि म्हणाले, "गुप्ते, फोटो उत्तम आहे. माझ्या वाईट दिवसांत मी असा दिसतो हे मला माहीत नव्हतं."

पुढच्या आठवड्यात क्लबाच्या दारावर पाटी लागली. कुत्रे आणि फ्लॅश आत आणू नयेत.

* * *

तेव्हा राहिला एकच मार्ग. चांगली लेन्स. लेन्सवर एक आकडा असतो. आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं, तितका उजेड आत जास्त. आमच्या घडीच्या कॅमेऱ्याचा आकडा सहाच्या पुढे होता. गॅसबत्तीला हवा होता दोन. पण दोन आकड्याची नवी लेन्स मुंबईच्या दुकानात काचेच्या कपाटात असायची आणि आम्ही तिला काचेबाहेरून नमस्कार करून परत यायचो.

हसूरामला कल्याणच्या लीलारामभाईंचा पत्ता लागला. लीलारामभाई फाळणीनंतर कराचीहून आलेले. कल्याणजवळच्या निर्वासितांच्या छावणीत राहायचे आणि बाजारात एका फळीवर दुकान मांडायचे. युद्ध संपल्यावर लष्कराने विकून टाकलेलं सामान, दुर्बिणी, होकायंत्रं, आणि एका पत्र्याच्या डब्यात लेन्स, बटाट्यासारख्या भरलेल्या.

साठे मास्तरांनी त्यातून एक चकचकीत जर्मन लेन्स उचलली. ओरखडा नाही, डाग नाही. लीलारामभाईंनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली.

"किस लिए चाहिए, मास्टरजी?"

"खेळांसाठी. संध्याकाळच्या."

"तो ये नहीं." त्यांनी तळाशी हात घालून दुसरी काढली. पुढच्या काचेवर ओरखडे, कडेला रंग उडालेला, नाव खोडलेलं. पण आकडा दोन.

मास्तर चित्रकार. त्यांना ते रूप बघवेना. "अहो, ही तर सगळी खरवडलेली आहे."

लीलारामभाईंनी फळीखाली पोत्याच्या आडोशाला चिमणी पेटवली आणि दोन्ही लेन्स पाळीपाळीने एका पांढऱ्या कागदासमोर धरल्या. जर्मन लेन्समधून कागदावर चिमणीची ज्योत उमटली, फिकट, आजारी माणसासारखी. ओरखडेवालीतून जी उमटली ती बघून मास्तरांनी नकळत हात मागे घेतला, चटका बसेल म्हणून.

"चेहरे पे दाग हैं," लीलारामभाई म्हणाले, "नज़र अच्छी है."

पैसे देताना हसूरामने त्यांना विचारलं, कराचीत केवढं दुकान होतं? ते हसले. म्हणाले, दुकान नव्हतंच. शाळेत भूगोल शिकवत होतो.

* * *

ती लेन्स मी घेतली. त्याचा मास्तरांना पश्चात्ताप झाला असावा, कारण पुढच्या खेपेला ते एकटेच कल्याणला गेले आणि विमानाची लेन्स घेऊन आले.

विमानाची म्हणजे खरोखरच विमानातून जमिनीचे फोटो काढायची. पाण्याच्या कळशीएवढी. उजेड प्रचंड घ्यायची. मास्तरांनी डोंबिवलीच्या सुताराकडून तिच्यासाठी सागवानी पेटी करून घेतली. पेटी इतकी जड झाली की मैदानावर न्यायला बैलगाडी सांगावी लागली. डोंबिवलीत तेव्हा घरं कमी आणि भाताची खाचरं जास्त, त्यामुळे बैलगाडी मिळायला अडचण नव्हती.

अडचण वेगळी होती. विमान उंचावर असतं, म्हणून ती लेन्स फक्त लांबचं बघायची. जवळचं बघायला ती पुढेमागे सरकवावी लागते, आणि सुताराने पेटी अशी पक्की बसवली होती की तसूभर हलायची नाही. मास्तर म्हणाले, हरकत नाही, आपण लांब जाऊ. ते मागे मागे जात शेवटी दोन खाचरं ओलांडून एका बांधावर जाऊन उभे राहिले. तिथून खेळाडू मुंग्यांएवढे दिसत होते.

सूर्य नुकताच बुडाला होता. मास्तरांनी शटर ओढलं.

फोटो नानांनी मोठा करून आम्हाला दाखवला. पुढे हुतुतूचे गडी, धुरकट, ढेकळांसारखे. आणि मागे आभाळात मलंगगड, त्याचा सुळका, सुळक्यावरची एकेक चीर, अशी स्वच्छ की हात लावावासा वाटावा.

मास्तरच म्हणाले, "बरा आलाय ना?"

हसूराम म्हणाला, "लय बरा. सामना मलंगगडानं जिकला."

* * *

हसूरामची स्वतःची लेन्स सिनेमाची. गावोगाव तंबूत सिनेमा दाखवणारा एकजण धंदा बंद करत होता, त्याच्या यंत्रावरची लेन्स हसूरामने मिठाच्या गोणी देऊन घेतली. उजेडाला दिलदार. फक्त एक खोड. फोटोच्या मधोमध जे असेल ते लखलखीत आणि कडेला जे असेल ते गरगर फिरल्यासारखं. भोवऱ्यात सापडल्यासारखं.

हसूरामच्या गावच्या जत्रेत दिवस मावळताना शेवटची कुस्ती लागली. फड मधोमध, त्यामुळे हसूराम खूश. पण गावचे एक मोठे जमीनदार, सगळे त्यांना भाऊ म्हणायचे, नवं धोतर नेसून फोटोत यायला कडेला उभे राहिले आणि म्हणाले, "हसू, माना बी घे यान."

हसूराम म्हणाला, "भाऊ, जरा मधी या."

"मधी कुस्ती हाय. मी कशाला येऊ मधी?"

आणि ते कडेलाच उभे राहिले, छाती काढून.

फोटोत पैलवान दगडात कोरल्यासारखे आले. डाव्या कडेला भाऊ आले. धोतर, उपरणं, मिशी, सगळं वावटळीत गेल्यासारखं, डोकं एकीकडे आणि पाय दुसरीकडे चाललेले. हसूराम फोटो लपवून ठेवत होता, पण गावात गोष्ट लपत नाही. भाऊंनी निरोप पाठवला. हा घाबरत घाबरत त्यांच्या घरी गेला. भाऊंनी फोटो बघितला आणि त्यांचा चेहरा लाल झाला.

तेवढ्यात आतून वहिनी आल्या. त्यांनी फोटो हातात घेतला, नीट निरखला आणि हसूरामला परत दिला.

"बराबर आयलाय," त्या म्हणाल्या. "यो घरान बी आसाच फिरत आसतं."

* * *

चांगली लेन्स हातात येऊनही माझे फोटो हलायचे. गॅसबत्तीच्या उजेडात शटर जरा सावकाशच ठेवावं लागे, आणि चढाईला गेलेला गडी काही आपल्यासाठी थांबत नाही. मी कुरकुर करायला लागलो की आता आकडा दीडची लेन्स बघावी लागणार.

हसूरामने मला हाताला धरून मैदानाच्या कडेला बसवलं. त्याचा दुखरा गुडघा लांब केला आणि म्हणाला, "डोले मिट नि आयक."

"फोटो काढायचा की ऐकायचं?"

"आयक आधी."

मी डोळे मिटले. समोरचा गडी दम घेऊन हुतुतूतू म्हणत पलीकडच्या अंगणात शिरला. आवाज आधी भरदार. मग पुढे पुढे जाताना आवळत गेला. मग एका जागी तो आवाज धाग्याएवढा बारीक झाला आणि तिथेच किंचित थबकला. मग परत फिरला.

"आयकलास? तवा तो थांबतं. पुरं अंग थांबतं. म्होरं जाववत नाय नि मागं फिरला नाय. तवा दाब."

त्यानंतर मी लेन्समधून बघण्याआधी ऐकायला शिकलो. फोटो येऊ लागले. पुढे पुढे नव्या मंडळींनी चांगले कॅमेरे आणले, वेगवान फिल्म आणल्या, मला विचारायचे, काका, त्या काळात ही लेन्स असून तुम्हाला हे कसं जमलं? मी सांगायचो, हसूराम पाटलाच्या कानांमुळे. ते हसायचे.

एकदा मी हसूरामला विचारलं, खेळत असताना त्या जागी तुला काय वाटायचं? आवाज बारीक होतो तिथे?

तो गुडघा चोळत मैदानाकडे बघत होता. म्हणाला, "तिथं घर लय लांब वाटतं."

* * *

आता कुसुमची गोष्ट सांगतो.

कुसुम साठे मास्तरांच्या शाळेत मॅट्रिकच्या वर्गात होती. खो-खोमध्ये तिच्यासारखी पळणारी मुलगी मी नंतरही पाहिली नाही. शाळा फायनलला पोचली आणि तिच्या वडिलांनी खेळ बंद करायला सांगितलं. वडील एका कचेरीत हेडक्लार्क होते, सरळ पण कडक. मास्तर त्यांच्या घरी गेले, चहा घेतला, विनवणी केली.

वडील म्हणाले, "फायनल खेळू दे. त्यानंतर नाही. मॅट्रिक झाली की लग्नाचं बघायचंय. आणि मला बघायला बोलावू नका. पोरीबाळींनी मैदानात पळायचं आणि लोकांनी बघायचं, हे मला पटत नाही."

फायनल ऊन असतानाच व्हायची होती. पण पाहुण्यांनी शारीरिक शिक्षणाचं महत्त्व सांगायला सुरुवात केली आणि ते महत्त्व सूर्य कलेपर्यंत पुरलं. शेवटच्या डावाला मैदानावर नुसता राखाडी उजेड. मी ओरखडेवाली लेन्स लावली आणि तिचं तोंड पूर्ण उघडलं. असं उघडलं की उजेड मिळतो, पण फोकस अगदी अरुंद होतो. एक थर तेवढा स्पष्ट, त्याच्या पुढचं-मागचं सगळं पुसट.

मी फोकस खुंटावर धरला. कुसुम हूल देऊन खुंटाला वळसा घालेल तो क्षण मला हवा होता. पण तिने खुंटापर्यंत येऊच दिलं नाही. दोन हात अलीकडेच अशी झपकन फिरली की मागून येणारी मुलगी तोंडावर पडली, आणि मी दाबलं ते दाबलंच.

निगेटिव्ह धुतल्यावर मला वाईट वाटलं. कुसुम पूर्ण हललेली. एक राखाडी पट्टा, आणि त्यातून आडवी उडालेली वेणी. पण तिच्या मागे, खुंटाला लागून जे प्रेक्षक उभे होते, त्यांतला एक माणूस लख्ख आला होता. कोट, काळी टोपी हातात चुरगळलेली, मान पुढे काढलेली, तोंड उघडं. सगळं विसरून ओरडणारा माणूस.

नानांना तो चेहरा फार आवडला. त्यांनी फोटो मोठा केला आणि स्टुडिओच्या खिडकीत लावला.

दोन दिवसांनी मास्तर शाळा सुटल्यावर आले, खिडकीपाशी थांबले, आणि आत येऊन खुर्चीत बसले.

"नाना, हा कोण आहे माहीत आहे का?"

"कोण?"

"कुसुमचे वडील."

नाना फोटो काढून ठेवायला उठले. मास्तर म्हणाले, "थांबा. तिला एकदा बघू दे."

दुसऱ्या दिवशी ते तिला मैत्रिणीबरोबर घेऊन आले, संघाचा फोटो न्यायचं निमित्त करून. कुसुम आत आलीच नाही. रस्त्यावर उभी राहून खिडकीतून बघत राहिली. मैत्रीण म्हणाली, "अगं, यात तू कुठे नीट आलीयेस?" कुसुम बऱ्याच वेळाने आत आली आणि नानांना म्हणाली, "मला संघाचा नको. हाच द्या."

नानांनी एक प्रत दिली. तिने ती भूमितीच्या पुस्तकात ठेवली आणि गेली.

त्याच आठवड्यात, दुपारी, स्टुडिओत कोणी नसताना वडील आले. त्या दिवशी मी सुट्टीवर होतो म्हणून तिथे होतो. टोपी डोक्यावर, कोटाची सगळी बटणं लावलेली.

"खिडकीत एक फोटो आहे," ते म्हणाले. "तो तिथे नको."

"चुकलंच आमचं," नाना म्हणाले. त्यांनी फोटो काढून टेबलावर ठेवला.

वडील तो उचलतील असं आम्हाला वाटलं. ते वाकून बघत राहिले. मग त्यांनी पुढच्या पुसट पट्ट्यावर बोट ठेवलं.

"ही कुसुम ना?"

"हो. पण ती हलली आहे. उजेड नव्हता," मी म्हणालो. "तुम्ही मात्र अगदी स्वच्छ आलायत."

त्यांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. बोट तसंच वेणीच्या टोकापर्यंत नेलं.

"याची एक प्रत हवी होती," ते नानांना म्हणाले. "पण यातून मला काढून टाकता येईल?"

"येईल. कापून देतो. पण मग यात काहीच स्पष्ट उरणार नाही, साहेब. नुसता हा पुसट भाग राहील."

"हो," ते म्हणाले. "तेवढाच हवा आहे."